निदान

मराठीत ‘निदान’ या शब्दाचे दोन संसार आहेत. एक वैद्यांच्या घरचा, रोगाचे कारण ओळखण्याचा. दुसरा रोजच्या बोलण्यातला: निदान फोन तरी करायचास, निदान चहा तरी घे. जुन्या मराठीत ‘निदानी’ म्हणजे अखेरीस असाही अर्थ आहे. संस्कृतात आणखी मागे गेले, तर वैदिक भाषेत हा शब्द दोर, दावे, बांधणारी वस्तू या अर्थाने भेटतो आणि पुढे त्याचाच अर्थ मूळ कारण असा होतो. हा अर्थप्रवास मला फार सुरेख वाटतो. हातात जनावराचे दावे असले आणि जनावर दिसत नसले, तर दावे धरून चालू लागायचे. गेल्या वर्षीच्या पावसाळ्यात माझ्या गाडीच्या मागच्या बंपरमधली एक तार अशीच धरून चालावे लागले. ती जिथे पोचली तिथे पोचण्याची माझी तयारी नव्हती, म्हणून हे लिहिते आहे.

विषय तसा किरकोळ: गाडी मागे घेताना टीं टीं करून अडथळ्याची सूचना देणारे सेन्सर. १ जुलै २०१९पासून भारतात तयार होणाऱ्या मोटारींना मागचे पार्किंग सेन्सर सक्तीचे झाले. त्यामुळे त्यानंतरच्या साध्या गाडीच्याही मागच्या बंपरवर रुपयाच्या नाण्याएवढ्या दोन-तीन-चार टिकल्या दिसतात. प्रत्येक टिकलीमागे एक पातळ पडदा असतो आणि त्याला चिकटवलेला विशिष्ट खनिजधर्माचा तुकडा. त्याला विजेचा झटका दिला की तो थरथरतो आणि उलट तो थरथरला की वीज निर्माण होते. क्यूरी बंधूंनी १८८० साली शोधलेला हा गुणधर्म पुढे पहिल्या महायुद्धात पाणबुड्या हुडकण्यासाठी वापरला गेला आणि आता आमच्या सोसायटीतल्या कुंड्या हुडकण्यासाठी वापरला जातो.

पडदा सेकंदाला चाळीस-पन्नास हजार वेळा कंप पावेल असा अगदी छोटा हुंकार सोडतो. आपल्या कानाची मर्यादा वीस हजारांची, त्यामुळे तो आपल्याला ऐकू येत नाही. मग तोच पडदा गप्प होऊन ऐकू लागतो. हवेत ध्वनी सेकंदाला सुमारे ३४३ मीटर जातो, तेव्हा एक मीटरवरच्या भिंतीचा प्रतिध्वनी परतायला सहा सहस्रांश सेकंदांहून किंचित कमी वेळ लागतो. तेवढ्यावरून आतली डबी अंतर काढते. बोलणारा आणि ऐकणारा अवयव एकच असल्यामुळे यात एक गंमत होते. हुंकार संपला तरी पडदा लगेच स्थिर होत नाही, घंटेसारखा तो थोडा वेळ झणझणत राहतो. ध्वनिसिद्धान्त शिकवताना आपण ज्याला अनुरणन म्हणतो तेच हे, फक्त इथे ते अर्थ वाढवत नाही, झाकते. स्वतःच्या अनुरणनात गुंतलेल्या पडद्याला त्या क्षणी परत आलेला प्रतिध्वनी ओळखता येत नाही. म्हणून वीस-पंचवीस सेंटिमीटरांच्या आत आलेल्या वस्तूचे नेमके अंतर या यंत्रणेला सांगता येत नाही. लांबचे तिला कळते, अगदी जवळचे कळत नाही.

आमची इमारत रत्नागिरीत आहे. आवार लहान, त्यात अकरा गाड्या, आणि संध्याकाळी तिथेच मुलांचा खेळ. चेंडू हटकून गाड्यांच्या खाली जातो. चार-पाच वर्षांचे मूल चेंडूसाठी वाकले की ते कुठल्याही आरशात मावत नाही. सेन्सर हे काही अभेद्य कवच नव्हे. मऊ कापड ध्वनी शोषून घेते, बारीक खांब सुटून जातो. तरीही त्या आवाजाची सवय झाली की माणूस त्याच्या भरवशावर पाय ठेवतो. म्हणूनच मुका सेन्सर हा नसलेल्या सेन्सरपेक्षा वाईट. नसता तर आपण उतरून पाहिले असते.

माझ्या गाडीचे सेन्सर पूर्ण मुके झाले असते तर प्रश्न सोपा होता. ते लहरी झाले. पावसाच्या सकाळी रिव्हर्स गिअर टाकला की एक लांबलचक सूर यायचा, म्हणजे यंत्रणेने स्वतःच बिघाड जाहीर केला, आणि नंतर शांतता. दुपारी कॉलेजातून निघताना सगळे सुरळीत. कधी मोकळ्या मैदानात भिंत असल्यासारखा कल्लोळ, कधी भिंतीपुढे मौन. ऑक्टोबर उजाडला की आजार बरा. पुन्हा जूनमध्ये हजर.

सर्व्हिस सेंटरमध्ये स्कॅनर लावला. आजच्या गाडीत बिघाडांची नोंद कोडच्या रूपात राहते. इंजिनाचे कोड ‘पी’ अक्षराने सुरू होतात, देहभागाचे ‘बी’ने, आणि गाडीतल्या डब्यांच्या आपसातल्या संभाषणाचे ‘यू’ने. माझ्या गाडीने ‘बी’चा एक कोड दिला. त्याचा मथितार्थ होता की मागच्या उजवीकडच्या आतल्या सेन्सरच्या सर्किटमध्ये दोष आहे. तो सेन्सर बदलला. आठ दिवसांनी पाऊस लागला आणि कोड डावीकडच्या सेन्सरचा आला. मग सुचवण्यात आले की उरलेले सेन्सर आणि कंट्रोलची डबी एकदमच बदलून टाकू. खर्चाचा आकडा ऐकून मी वेळ मागून घेतली.

कोडचे शब्द मी पुन्हा पाहिले. त्यात ‘सेन्सर खराब’ असे नव्हते, ‘सेन्सरच्या सर्किटमध्ये दोष’ असे होते. सर्किट म्हणजे जायची वाट, यायची वाट, मधले सांधे, पुरवठा, अर्थिंग आणि शेवटी सेन्सर. यंत्राने सावधपणे केलेले विधान माणसाने वाचताना आखडून टाकले होते. उत्तरपत्रिका तपासणाऱ्या कुणालाही हे ओळखीचे वाटेल. ‘या कवितेत निसर्गप्रेम आढळते’ हे विद्यार्थ्याचे वाक्य म्हणजे असाच एक कोड असतो. ते खोटे नसते. कवितेच्या कुठल्या तरी भागात काही तरी घडते आहे याची ती नोंद असते. गाइडमधून आलेली ही नोंद म्हणजेच वाचन, असे मानून एखादा सुटा भाग बदलला, की पुढच्या पावसात दुसऱ्या ओळीचा कोड येतो.

मिरजोळ्याच्या एमआयडीसीकडे जाताना रस्त्यालगत एक पत्र्याची शेड आहे. तिथे गाड्यांच्या वायरिंगचे काम करणारे एक वृद्ध गृहस्थ बसतात. सगळे त्यांना चाचा म्हणतात, मीही म्हणते. त्यांनी आधी बॉनेट उघडले नाही आणि बंपरलाही हात लावला नाही. एका लाकडी खोक्यावर मला बसवून प्रश्न विचारत राहिले. कधी होतं? गाडी धुतल्यावर होतं का? उन्हात उभी राहिली की जातं का? एकच टिकली बोंबलते की बदलून बदलून? त्यांच्या जागी एखादा वैद्य असता तर त्यानेही हेच विचारले असते.

माधवकराचा रोगनिदानावरचा ग्रंथ सुमारे सातव्या-आठव्या शतकातला. रोग ओळखायच्या पाच वाटा त्यात सुरुवातीलाच येतात: निदान, पूर्वरूप, रूप, उपशय आणि संप्राप्ती. कारण, चाहूल, लक्षण हे समजण्यासारखे आहे. संप्राप्ती म्हणजे रोग देहात कसा कसा घडत गेला त्याची कथा. मला सर्वांत आवडतो तो उपशय. लक्षणांवरून रोग ठरत नसेल तर थोडा उपचार करून पाहायचा. आराम पडला तर त्यावरून रोग ओळखायचा, त्रास वाढला तर त्यावरूनही. म्हणजे उपचार हीच एक विचारणा. आपल्याकडे समीक्षेच्या वर्गात पाचांपैकी रूप आणि संप्राप्ती यांवरच भर असतो. उपशय आपण करत नाही. ओळीतला एक शब्द काढून तिथे दुसरा ठेवून पाहावा, कविता कण्हते का ऐकावे, हे वर्गात करून पाहिले तर मुलांना फार कळते असा माझा अनुभव आहे. पण ते असो.

चाचांनी गाडीची किल्ली फिरवली, इंजिन सुरू न करता रिव्हर्स गिअर टाकला आणि मला म्हणाले, “मॅडम, कान लावा.” बंपरपाशी गुडघे टेकून मी एकेका टिकलीला कान लावला. तो चाळीस हजारांचा हुंकार आपल्याला ऐकू येत नाही हे खरे, पण तो ठरावीक अंतराने पुन्हा पुन्हा सुटतो, त्याची बारीक टिकटिक ऐकू येते, भिंतीवरच्या पालीच्या चुकचुकण्यासारखी. पहिली टिकटिकत होती. दुसरी टिकटिकत होती. तिसरी अडखळत होती. चौथी गप्प.

मग त्यांनी पहिली आणि चौथी टिकली काढून त्यांची अदलाबदल केली. हाच उपशय, आणि नैयायिकांच्या भाषेत अन्वय-व्यतिरेक. दोष टिकलीत असेल तर तो टिकलीबरोबर पहिल्या जागी जाईल, वाटेत असेल तर चौथ्याच जागी राहील. गप्प टिकली पहिल्या जागेवर बसताच बोलू लागली आणि बोलकी टिकली चौथ्या जागी जाऊन गप्प झाली. “हिचा काय गुन्हा नाही,” चाचा म्हणाले. “मशीन गल्ली सांगतं, घर नाही सांगत.”

नव्या सेन्सरचे पैसे गेलेलेच होते. आता गल्लीतून चालणे आले. वेगवेगळ्या सेन्सरचे कोड आलटून पालटून येतात याचा अर्थ दोष बहुधा सर्वांना समाईक असलेल्या जागी आहे. आणि तो फक्त ओलसर हवेत प्रकटतो. इथे मला न्यायशास्त्रातला ओल्या सरपणाचा दृष्टान्त आठवला. धूर असेल तिथे अग्नी असतो, पण अग्नी असेल तिथे धूर असतोच असे नाही. तापून लाल झालेल्या लोखंडाच्या गोळ्यातून धूर निघत नाही. धुरासाठी अग्नीला ओल्या सरपणाची संगत लागते. त्या संगतीला उपाधी म्हणतात. माझ्या गाडीत दोष बारमाही होता, पाऊस ही उपाधी होती. ऑक्टोबरमध्ये बरे होत होते ते फक्त लक्षण.

बंपर उतरवला. चारही टिकल्यांच्या तारा बंपरच्या पाठीमागे एका सॉकेटमध्ये एकत्र येतात आणि तिथून एक जुडगा डिकीतल्या डबीकडे जातो. चाचांनी प्रथम डबीकडचे टोक सुटे केले. पुढची परीक्षा दिव्याची होती, आणि तेवढा प्रवाह त्या डबीच्या नाजूक पोटाला सोसत नाही. मग त्यांनी मल्टिमीटर लावला. समाईक अर्थिंगच्या तारेवर मीटरने खुशाल बीप दिला: तार अखंड आहे. त्याच तारेतून त्यांनी इंडिकेटरचा एक बल्ब पेटवला. तो मिणमिणला आणि तांबूस होऊन राहिला. शेजारच्या तारेवर तोच बल्ब लख्ख पेटला.

हा फरक मला फार मोलाचा वाटला. मीटर तारेला जवळजवळ काहीच काम न देता विचारतो, तू आहेस का? तारेचा एखादा धागा शिल्लक असला तरी ती ‘आहे’ म्हणते. दिवा तिला ओझे वाहायला लावून विचारतो. सांध्यात गंजामुळे रोध वाढलेला असेल तर प्रवाह वाहू लागताच विजेचा दाब तिथेच खर्ची पडतो आणि दिव्यापर्यंत उरत नाही. प्रवाहच नसेल तर खर्चही नाही, म्हणून ओझ्याविना केलेल्या परीक्षेत रोगी धडधाकट ठरतो.

सॉकेट उघडला. आत पिना हिरव्या झाल्या होत्या. या हिरव्याला मराठी घरात नाव आहे: कळंक. पितळेच्या भांड्यात ताक कळकते ते यामुळेच आणि ते टाळण्यासाठी भांड्यांना कल्हई करायची. गंमत अशी की मोटारीच्या सॉकेटमधल्या पिनांनाही बहुधा कथिलाचा मुलामा असतो. कल्हईच ती. पण गाडीच्या अखंड थरथरीने पिना सूक्ष्म घासल्या जातात, कल्हई झिजते, आणि पाणी शिरले की उरलेले काम तांबे करते. माझ्या लहानपणी कल्हईवाला दारात भाता फुंकत बसे, ते दृश्य आता नाहीसे झाले. कल्हई मात्र अशी बंपरमागे जाऊन राहिली आहे.

कळंकाचे मला आश्चर्य वाटले नाही. रत्नागिरीच्या हवेत काय गंजत नाही? चाचांनी मात्र सॉकेट उजेडाकडे धरला, नखाने आतले काहीतरी खरवडले आणि बोटांत चोळून पाहिले. मऊ, तपकिरी, पिठासारखे. त्यांनी ते माझ्या तळहातावर ठेवले. “हे पावसाचं नाही. हा गाळ आहे. गाडी पाण्यात उभी होती.” मग टॉर्च मारून बंपरच्या आतली लोखंडी पट्टी दाखवली. तिच्यावर एक सरळ आडवी रेघ होती, रेघेखाली तपकिरी साय, वर स्वच्छ. पुढच्या बाजूला, गालिच्याखाली, सीटच्या पट्ट्यांच्या मुळाशी त्यांनी शोधले. तिथे काही नव्हते. पाणी फक्त मागून चढले होते. गाडी चढाकडे तोंड करून उभी असावी.

त्या गाळाने आतापर्यंतच्या सगळ्या लक्षणांची संगती लागली. गाळ ओल धरून ठेवतो, त्यातले क्षार पाण्यात उतरून दोन पिनांमध्ये विजेला चोरवाट देतात. एका सेन्सरचे बोलणे दुसऱ्याच्या तारेत झिरपते आणि डबीला नसलेली भिंत दिसते. दुपारी सुकले की चोरवाट बंद. संप्राप्ती पूर्ण झाली.

ही गाडी मी २०२३ साली ज्यांच्याकडून घेतली ते माझे गुरू. एम.ए.ला त्यांनी मला शिकवले. संहितेतला स्वल्पविरामही साक्षीदार असतो, त्याला उलटतपासणीला बोलवा, असे ते सांगत. निवृत्तीनंतर ते चिपळूणला राहतात. गाडी त्यांनी २०१९च्या दिवाळीत घेतली होती. दृष्टी अधू झाल्यावर त्यांना ती विकायची होती आणि बाहेरच्याला देण्यापेक्षा तूच घे म्हणाले. २२ जुलै २०२१ रोजी वाशिष्ठीचे पाणी चिपळुणात शिरले तेव्हा गाडीचे काय झाले होते, हे मी व्यवहाराच्या वेळी विचारले होते. ते म्हणाले, “पाणी लागलं नाही. मेहुण्यांच्या दारात होती, उंचावर.” स्वतः ते त्या आठवड्यात पुण्यात मुलीकडे होते.

पुरानंतर काही दिवसांनी मी चिपळूणला गेले होते. लोकमान्य टिळक स्मारक वाचन मंदिराने २००५च्या पुरातही पुस्तके गमावली होती आणि २०२१लाही. गाळात भिजलेल्या पुस्तकांचा वास ज्याने घेतला आहे त्याला तो विसरता येत नाही. शेडमध्ये उभी राहून मी तळहात नाकाशी नेला. तीन वर्षे झाली होती, वास येण्याचे कारण नव्हते.

त्या रेघेने पाण्याची उंची सांगितली. गाडीच्या तोंडाची दिशा सांगितली. सरांना ठाऊक होते की नाही, हे तिने सांगितले नाही. ‘उंचावर’ हा शब्द खोटा नव्हता. घर उंचावर असेल आणि गाडी दारासमोरच्या चढावर, शेपूट खाली. मेहुण्यांनी मागचा भाग पुसून काढला असेल आणि ‘काही झालं नाही’ असे फोनवर सांगितले असेल. किंवा सरांना कळले असेल आणि इंजिन कोरडे आहे म्हणजे गाडी कोरडी आहे, असे त्यांनी मानून घेतले असेल. किंवा. विमसॅट आणि बिअर्ड्सली यांनी १९४६ साली मांडले की लेखकाचा हेतू हा कृतीच्या मूल्यमापनाचा निकष नव्हे, तो हाती लागणाराही नसतो आणि इष्टही नसतो. हा निबंध सरांनीच आम्हाला शिकवला आणि पुढची वीस वर्षे मी तो शिकवत आले. कवितेपुरता तो मला आजही पटतो. गाळापुढे तो मला अपुरा वाटला. इथे मला हेतूच हवा होता. पैशांसाठी नव्हे, चाचांनी सगळ्या कामाचे साडेअकराशे रुपये घेतले. ज्या माणसाच्या शब्दावर भार टाकून माझी निम्मी विचारसृष्टी उभी आहे, तो शब्द ओझ्याखाली मिणमिणतो की लख्ख पेटतो, हे मला हवे होते. आणि तशी परीक्षा घ्यायची तर आधी काय सुटे करावे लागेल, हेही दिसत होते.

चाचांनी जुना सॉकेट कापून नवा बसवला, प्रत्येक सांधा डाख देऊन जोडला, वर आकसणारी नळी चढवली, अर्थिंगचा बोल्ट घासून खालचे लोखंड उघडे केले आणि ग्रीस भरले. “मॅडम, ही रेघ पुसू का?” त्यांनी विचारले. मी राहू द्या म्हटले. बंपर बसल्यावर ती तशीही कुणाला दिसणार नव्हती.

दिवाळीत चिपळूणला गेले. सर आता फार मोठ्या अक्षरांतलेच वाचू शकतात. मी त्यांना दोन दिवाळी अंकांतले लेख वाचून दाखवले आणि एका लेखकाच्या विरामचिन्हांवर त्यांनी नेहमीप्रमाणे तोंडसुख घेतले. चहा आला. “गाडी कशी आहे?” त्यांनी विचारले.

“चांगली आहे. मागच्या सेन्सरचं वायरिंग बदलून घेतलं.”

“हं,” सर म्हणाले. “कोकणात विजेच्या वस्तूंना आयुष्य नाही.” मग जरा थांबून, “फार खर्च आला का?”

“साडेअकराशे.”

“बरं झालं.” त्यांनी कप खाली ठेवला. तो बशीच्या कडेवर टेकला, मी सरळ केला.

निघताना ते फाटकापर्यंत आले. त्यांच्या गल्लीत गाडी वळवायला जागा नाही, ती सरळ मागे घेत रस्त्यावर न्यावी लागते. मी नको म्हणत असतानाही ते काठी टेकत गाडीच्या मागे जाऊन उभे राहिले आणि हात हलवू लागले, “येऊ दे, येऊ दे.” मी रिव्हर्स टाकला. टीं टीं सुरू झाली. मग तिच्यातली अंतरे कमी होत होत सलग सूर लागला, आणि मी ब्रेकवर पाय ठेवून काच खाली केली. सर तिथेच, हात हलवत होते. “अगं, येऊ दे ना. खूप जागा आहे.”